भात सोडला आणि पाव धरला: गोव्यात फिटनेसच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही आणि जिमवाला तर अजिबातच नाही. फोंड्यात राहतो, नोकरी पणजीला, रोज कदंबा बसने जाऊन-येऊन, म्हणजे दिवसभर एकतर बसच्या सीटवर नाहीतर ऑफिसच्या खुर्चीवर. गेल्या तीन वर्षांत चार वेळा "सोमवारपासून नक्की" झालंय आणि त्यातलं फक्त चौथं टिकलं, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरचसं स्वतः चुकूनच शिकलोय.

विषय फक्त पोट सुटलेल्यांचा नाही हे पण सांगतो. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) इंडियाब या डायबेटिस सर्व्हेचे आकडे आले त्यात डायबेटिसमध्ये सगळ्या राज्यांत गोवा वर होता, मोठ्या माणसांत २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४. म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत चार जण शेजारी बसले तर हिशेबाने एकाला आहेच.

भात बंद, पाव चालू

ही आमची गोव्याची खास चूक. कुणीतरी सांगतं भाताने शुगर वाढते, पोट वाढतं, की लगेच भात बंद. मी पण केला. दोन आठवडे दुपारी ताटात तळलेला बांगडा, काकडी आणि समोर घरचे सगळे हुमण-शीत (मासळीची कडी आणि भात) कालवतायत, मी बघतोय. वजन एक पॉइंट हललं नाही. वैतागून एक दिवस ठरवलं की तोंडात जे जाईल ते मोबाईलच्या नोट्समध्ये लिहायचं, लाज न बाळगता.

सकाळी सहाच्या सुमारास पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंय पोंय हॉर्न, आई नेहमीसारखे उंडे (गोल पाव) घेते. पातळभाजीबरोबर दोन खाल्ले. अकराला ऑफिसखाली चहा आणि कटलेट पाव. दुपारी भात नाही (शाब्बास). साडेचारला भजी, बरोबर पाव. घरी येताना फोंडा स्टँडवर मिरची आणि पाव, कारण भात न खाल्ल्यामुळे भूक मरणाची. रात्री "आज हलकंच खातो" म्हणून कडधान्याच्या तोणाकाबरोबर (रश्श्याबरोबर) दोन पाव. सात झाले! मी परत मोजले, सातच.

आता हिशेब बघा, एका साध्या पावात साधारण २० ग्रॅम कार्ब आणि मोठ्या वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ४०. म्हणजे भात सोडला सोडला म्हणत मी रोज साडेतीन वाट्या भाताएवढा मैदा खात होतो, तोही भज्यांच्या तेलाबरोबर.

तुमचंही वजन अडकलं असेल तर डाएट बदलायच्या आधी फक्त तीन दिवस सगळं लिहून काढा, चहातली साखर धरून. बहुतेकांची गळती जेवणाच्या ताटात सापडतच नाही, ती दोन जेवणांच्या मधे असते.

आणि भात खा हो. फक्त आपल्याकडे काय होतं, कडी उरली म्हणून थोडं शीत, मग शीत उरलं म्हणून थोडी कडी, हे चक्र तीन वेळा फिरतं आणि आपण म्हणतो एकदाच वाढून घेतला. भात एकदा घ्यायचा, ताटाच्या चौथ्या हिश्शात बसेल इतका, अर्ध्या ताटात भाजी, म्हणजे तांबडी भाजी, दोडकी, भेंडी, खतखतं जे असेल ते, आणि उरलेल्या जागेत मासळी किंवा कडधान्य. उकडा तांदूळ पॉलिशवाल्या सुरय तांदळापेक्षा बरा हे खरं, पण बरा आहे म्हणून डोंगर केला तर डोंगरच होणार. पोयेचंही (कोंड्याच्या पावाचंही) तसंच, कोंडा असेल तर उत्तम, पण वरून कोंडा भुरभुरलेली आणि आत पांढरीशुभ्र असेल तर तो पावच आहे. एकदा फोडून बघा.

मासळी आहे ना, मग हेल्दीच

मासळी हेल्दी, रवा आणि तेल नाही. बांगडा, तारले ही स्वस्तातली मासळी खरंतर इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) काही कमी नाही, शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण १९ ग्रॅम प्रोटीन आणि वर ओमेगा-३. पण एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी आणि रवा लावलेला तुकडा किती तेल पितो ते कढईलाच माहीत. आमच्याकडे आता तळलेली आठवड्यातून दोनदा, बाकी दिवस हुमण नाहीतर तव्यावर चमचाभर तेलात.

खरी गडबड होते पावसात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पुढे श्रावण आला की बऱ्याच घरांत शिवराकच (शाकाहारीच), म्हणजे दोन-तीन महिने ताटातलं प्रोटीन गायब आणि त्याच्या जागी काय येतं तर लोणचं, पापड आणि बंदीच्या दिवसांत सुकी मासळी. सुकी मासळी मला पण आवडते, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर असली तर दुसरं काही नको, पण ती मिठात मुरलेली असते आणि डब्ल्यूएचओ सांगतं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक छोटा चमचा. बीपीवाल्यांनी भिजवून, पाणी टाकून देऊन, थोडीच खावी.

प्रोटीन किती लागतं? आपल्याकडचा हिशेब वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, ७० किलोच्या माणसाला साधारण ५८. एका अंड्यात ६. अळसांदे (चवळी), मूग, चणे, तोर, दही हे सगळं घरात असतंच, मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी) तर चवथीशिवाय, म्हणजे गणेश चतुर्थीशिवाय, पण करता येतात, कुणी बंदी घातलेली नाही. त्यासाठी तीन हजाराचा डबा आणायची गरज बहुतेकांना नसते. मी आणला होता, अर्ध्यावर गुठळ्या झाल्या.

पहिल्याच दिवशी फर्मागुडी

दुसऱ्या खेपेचा प्रताप. पाच वर्षं एक किलोमीटर चाललो नव्हतो आणि नवे बूट घालून थेट फर्मागुडीचा चढ, गोपाळ गणपतीच्या देवळापर्यंत, तेही अर्धं पळत. पहिल्या दिवशी हिरो. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, गुडघ्याच्या खाली असं दुखतंय की बायको म्हणाली बसने जाऊ नको, सुट्टी घे. नंतर दीड महिना काहीच नाही.

छाती आणि दम लवकर सवय करून घेतात, गुडघे-घोट्याची बांधणी सावकाश तयार होते, म्हणून उत्साह आहे तेव्हाच जास्त दुखापत होते. सुरुवात सपाटीवर १५ मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्याच वेगाने. दर आठवड्याला थोडं वाढवा. आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे टार्गेट आहे, पहिल्याच आठवड्यात गाठायचं नाही. आणि दोन दिवस ताकदीचं काहीतरी, खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, भिंतीला पुशअप, एवढं सुद्धा चालतं. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, चक्कर आली तर मात्र घरी येऊन ओवा खात बसू नका, सरळ हॉस्पिटल.

ते दहा हजार पावलांचं पण एक आहे. तो आकडा काही वैद्यकीय नियम म्हणून आलेला नाही, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं, तिथून तो चिकटला. तुमची आज तीन हजार होत असतील तर पाच हजार करा, फायदा तिथेच सुरू होतो.

आणखी एक, एप्रिल-मेच्या उकाड्यात रेक्झिनसारखं जाकीट घालून पळणारे मी मिरामारच्या किनाऱ्यावर बघितलेत. घाम म्हणजे चरबी नाही हो, घाम म्हणजे पाणी. आपल्याकडे हवा आधीच दमट, घाम वाळत नाही आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही, वरून जाकीट. अर्धा किलो कमी दिसतं आणि दोन ग्लास पाणी प्यायलं की परत.

पावसाळ्याचा प्लॅन बी नसणं ही तर वार्षिक चूक. जून लागला की चालणं बंद, थेट दसऱ्याला आठवण. मी आता आधीच ठरवून ठेवलंय, पाऊस असेल तर जेवल्यावर बाल्कांवातच (घराच्या ओसरीत) दहा मिनिटं येरझारा. शेजारचे काका पहिल्या दिवशी विचारायला आले की कुणाचा फोन येणार आहे का, एवढा अस्वस्थ का फिरतोस. पण जेवणानंतर चालल्याने साखर चढते ती कमी चढते, त्यामुळे आता काका पण त्यांच्या बाल्कांवात फिरतात.

चवथीनंतरचा वजनकाटा

तिसरी खेप याच्यावर आपटली. चवथीचे तीन दिवस नेवऱ्या (करंज्या), मोदक, पंगती, चौथ्या दिवशी काट्यावर १.८ किलो जास्त. सगळं पाण्यात गेलं म्हणून मी पण सोडून दिलं. आता डोकं चालवा, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १.८ किलो चरबी चढायला नेहमीच्या जेवणाच्या वर जवळजवळ १४,००० कॅलरी, म्हणजे नेवऱ्यांचा डबाच्या डबा एकट्याने संपवायला हवा होता. ते बहुतेक पाणी होतं. गोड आणि पिठूळ जास्त खाल्लं की शरीर ते स्नायूत आणि लिव्हरमध्ये साठवतं आणि त्याच्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतं, मीठ जास्त झालं तर आणखी. चार-पाच दिवसांत आपोआप उतरतं. नुकसान चवथीने केलं नाही, नंतरच्या दोन महिन्यांनी केलं.

वजन रोज करून रोज मूड खराब होत असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर. आणि टेलरची टेप घ्या. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० याच्या वर असेल तर काटा काहीही म्हणो, लक्ष द्यायची वेळ आहे.

बरं वाटतंय म्हणून गोळी बंद

हे थोडक्यात पण सिरियसली. चालायला लागलो, वजन उतरलं, बीपी नॉर्मल आलं, म्हणून आपणच गोळी बंद करणारे प्रत्येक वाड्यावर एक-दोन आहेत. नॉर्मल आलंय ते कदाचित गोळीमुळेच आलंय. कमी करायची असेल तर डॉक्टरला विचारून. आणि घरी बीपी बघताना बाजारातून पिशव्या घेऊन आल्या आल्या पट्टा बांधू नका, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय क्रॉस नको, हात छातीच्या लेव्हलला, आधी अर्धा तास चहा नको.

सोमवारपासून सगळंच

पहाटे पाचला उठणं, साखर बंद, पाव बंद, जिम, आठ ग्लास पाणी, सगळं एकाच सोमवारी. गुरुवारपर्यंत पोचलो तरी खूप. एकवीस दिवसांत सवय लागते हे पण खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजवाल्यांनी ९६ लोकांवर बघितलं होतं, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, कुणाला १८ आणि कुणाला २५४ चा अंदाज. आणि मधे एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही असंही दिसलं. मला हे आधी कळलं असतं तर तिसरी खेप वाचली असती.

चौथ्या वेळी मी फक्त दोन गोष्टी केल्या. चहात दोन चमचे साखर असायची ती दर दोन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी, दिवसाला चार चहा म्हणजे आठ चमचे होते ते आता दोनवर आलेत. आणि पावाचं मनाशी ठरवणं सोडून दिलं, कारण रात्री टेबलावर उंडे दिसले की मी खाणार, हे मला माहितीय आणि आईलाही. म्हणून आईलाच सांगितलं, पोदेराकडून चार कमी घे.

पहिल्या दिवशी तिने कमी घेतले तेव्हा पोदेर सायकल धरून उभाच राहिला, म्हणाला, "कितें गे बाय, पावणे गेले?"