मंडईशेजारच्या जुन्या घरात राहायचं असेल तर

मंडईजवळच्या जुन्या वस्तीत घर बघायला लोक हमखास सुट्टीच्या दुपारी येतात. गाळे बंद, रस्ता मोकळा, खिडकीतून जुन्या कमानी दिसतात आणि सौदा ठरतो. माझं ऐका, घर एकदा पहाटे चारच्या सुमाराला बघा. माल उतरतो तो तेव्हा. जिथे झोपणार, त्याच खोलीत उभं राहून ऐका: टेम्पो मागे घेतानाचं पीं-पीं, क्रेट आपटणं, हाका. फोनवर सरासरी डेसिबल मोजून निवांत होऊ नका. झोप सरासरीने मोडत नाही, एका क्रेटच्या दणक्याने मोडते.

झोपायची खोली मागच्या अंगाला घ्या, मग ती लहान का असेना. तशी सोय नसेल तर आधी चौकटीच्या फटी बुजवा. निम्मा आवाज तिथूनच येतो, असं मी तरी मानते. मग आहे त्या खिडकीच्या आत दुसरी खिडकी बसवा, दोन्हींमध्ये किमान १० सेंमी अंतर ठेवून. जुन्या वस्तीत दर्शनी भाग बदलायला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. आतल्या खिडकीसाठी त्याला हात लावावा लागत नाही.

भिंतींबद्दल मात्र मी हट्टी आहे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. ती ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडून देते. ओल दिसली की गवंडी लगेच म्हणतो, सिमेंटचा गिलावा मारून टाकू. मारू देऊ नका. सिमेंटमागे ओल कोंडते, मग विटा भुसभुशीत होतात आणि पोपडे दुसरीकडून निघतात. ऑइल पेंटही तेच करतो. चुन्याचं काम जाणणारा माणूस शोधा, वेळ लागला तरी चालेल. त्याआधी गळका पाइप किंवा तुंबलेली पन्हाळ आहे का ते बघा, कारण ओल बहुतेकदा तिथूनच सुरू होते. तुळया तपासताना मधोमध ठोकून उपयोग नाही. भिंतीत शिरलेल्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर टोचा. लाकूड कुजायला सुरुवात तिथे होते. वायरिंग जुनं असेल तर रंगाचे पैसे आधी त्यात घाला, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या.

वासाचं खापर सगळे मंडईवर फोडतात. कधी कधी दोष घरातल्या मोरीचा असतो. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी साचून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. मोरी वापरात नसेल तर ते आटतं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. तरीही वास आला, तर मग मंडईला नावं ठेवा.

उंदीर येणारच, खाणं इतकं जवळ असताना ते का जातील! छोटा उंदीर ६ मिमीच्या फटीतूनही आत येतो. फोम तो कुरतडतो, म्हणून पाइपाभोवतीच्या भोकांत आधी स्टील वूल कोंबा, वरून गिलावा.

आता सुखाची गोष्ट. मोठा फ्रिज घेऊ नका, मंडईच तुमचा फ्रिज आहे. पालेभाजी सकाळी घ्या, त्याच दिवशी संपवा. बाजार उठताना भाव उतरतो, पण तेव्हाचा माल पिकलेला असतो. रात्री शिजवणार असाल तरच घ्या. दोन-तीन विक्रेते धरून ठेवा आणि गर्दीच्या वेळी घासाघीस करू नका. ओळख झाली की "आज हे नको" असं तेच सांगतात.

सामान हलवायचं असेल तर बाजार बंद असण्याचा दिवस धरा, आणि कपाट विकत घेण्याआधी जिन्याच्या वळणाचं माप घ्या.