छंद म्हणून कुलूप उघडायला शिकताना

सुरुवातीला पिनांचे साधे कुलूप घ्यावे. लायनस येल (धाकटा) यांनी १८६१ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तीच रचना थोड्याफार फरकाने आजही यात असते. आपल्याकडच्या अनेक जुन्या पितळी कुलपांत मात्र लिव्हर (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या) असतात आणि त्यांची रीत वेगळी असल्याने ती नंतरसाठी ठेवावीत. कुलूप स्वतःचे असावे आणि वापरातले नसावे, कारण सरावात पिना झिजतात. शेजाऱ्याच्या दारावर हात आजमावणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

कुलपाच्या आतल्या फिरत्या नळकांड्याला पिनांच्या जोड्या अडवून धरतात. प्रत्येक जोडीतला सांधा नळकांड्याच्या कडेशी जुळला की ते फिरते. घडणीत सूक्ष्म फरक राहत असल्याने सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, आणि सारी युक्ती याच उणिवेवर उभी आहे. ताणाची पट्टी (टोकाशी वाकवलेली धातूची पातळ पट्टी) किल्लीच्या खाचेत बसवून बोटाच्या टोकाने नळकांडे फिरवण्याच्या दिशेने अगदी हलका दाब द्यावा, हुकाने (टोकाशी वळवलेल्या बारीक सळईने) एकेक पिन चाचपावी आणि जी घट्ट लागेल ती हळूच वर उचलावी. बारीकसा ‘टक्’ जाणवतो, नळकांडे केसभर सरकते. मग पुढची अडलेली पिन शोधावी.

नवखे लोक बहुधा दाबच जास्त देतात (मीही महिनाभर तेच केले). काहीच हलेनासे झाले, तर ताण सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.