माझ्दा आरएक्स-८ मिसिंग मारते, ऑईल खाते: दोष नेमका कुठे, ते कसं शोधावं

आरएक्स-८ आता जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. भारतात माझ्दाने ही गाडी विकली नाही, पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी ती हौसेने घेतो. मग थोड्याच दिवसांत दोन तक्रारी सुरू होतात: गाडी मिसिंग मारते आणि ऑईल खाते. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, "रोटरी आहे, इंजिन गेलं समजा." यावर लगेच विश्वास ठेवू नका. बऱ्याचदा गेलेली असते ती कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग. मात्र गेलेल्या कॉइलवर गाडी दामटत राहिलात, तर धडधाकट इंजिनही खरोखर जातं. म्हणून आधी फुकटात होणारी तपासणी, मग स्वस्तातली, आणि इंजिन उघडायचा विचार कॉम्प्रेशनचे, म्हणजे इंजिनाच्या आत तयार होणाऱ्या दाबाचे, आकडे हातात आल्यावरच.

इंजिनाची रचना, कामापुरती

१३बी जातीच्या या रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. दोन त्रिकोणी रोटर आहेत. प्रत्येकाच्या तीन टोकांवर एकेक एपेक्स सील असतं, बाजूंना साइड सील आणि कोपऱ्यांत कॉर्नर सील. रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन स्वतंत्र ज्वलनकक्ष. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात, म्हणजे शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये एकदा ठिणगी पडून स्फोट होतो. प्रत्येक रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. खरं काम लीडिंग करतो. ट्रेलिंग किंचित उशिरा पेटून उरलेलं मिश्रण जाळतो. पुढचा रोटर एक नंबर, मागचा दोन नंबर. एवढं लक्षात असलं की पुढचं सगळं समजतं.

ऑईल: आधी मोजा

रोटरी ऑईल जाळतं ते मुद्दामच. ऑईल मीटरिंग पंप थोडं थोडं इंजिन ऑईल थेट कक्षात सोडतो, कारण एपेक्स सीलला वंगण मिळायचा दुसरा मार्ग नाही. ज्यांनी पेट्रोल पंपावर चेतक किंवा लुनाच्या टाकीत टू-टी ऑईल टाकून घेतलंय, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. त्यामुळे प्रश्न "ऑईल खाते का" हा नसून "किती खाते" हा आहे.

गाडी सपाट जागी लावा. इंजिन गरम करून बंद करा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी बघा. किलोमीटर लिहून ठेवा. दर दुसऱ्या टाकीला हे करा आणि जेवढं ऑईल टाकाल ते मापाच्या भांड्याने टाका. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका; जादा ऑईल ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून इंजिनात, आणि नसलेला दोष दिसू लागतो.

साधारण दीड ते तीन हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल लागणं या इंजिनाला शोभणारं आहे. पाय जड असेल तर याहून थोडं जास्त. पाचशे किलोमीटरला लिटर संपत असेल तर दोष शोधायला लागा. पण ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ती गोष्ट उलटी आहे: हजारो किलोमीटर झाले आणि पातळी हललीच नाही, तर खूश होऊ नका. मीटरिंग पंप बिघडलाय किंवा त्याच्या बारीक नळ्या चोंदल्यात, आणि सील कोरडे घासले जात आहेत. त्यातून पहिल्या पिढीच्या गाड्यांत, म्हणजे २००८ पर्यंतच्या, दर रोटरला ऑईलच्या दोनच तोट्या होत्या. २००९ पासून तीन केल्या. जुनी गाडी असेल तर पेट्रोलमध्ये साधारण १:२०० प्रमाणात चांगलं टू-स्ट्रोक ऑईल मिसळण्याची सवय मला योग्य वाटते, पंप चालू असला तरी.

पातळी उतरण्याऐवजी चढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑईलमध्ये पेट्रोल उतरलंय. ते ऑईल लगेच बदला.

आता धूर. सकाळी सेल्फ मारल्यावर निळा धूर येऊन मिनिटभरात थांबला, तर रात्रभरात थोडं ऑईल कक्षात झिरपलंय, एवढाच अर्थ. लक्ष ठेवा, घाबरू नका. इंजिन पूर्ण तापल्यावरही आयडलिंगला निळा धूर सुटत राहिला, आणि उतारावर पाय काढून पुन्हा एक्सलरेटर दिल्यावर मागे निळा ढग उठला, तर रोटरच्या ऑईल कंट्रोल रिंगांवर संशय घ्या. त्यांच्यातले रबरी ओ-रिंग इंजिन एकदा जरी फार तापलं तरी कडक होतात. टर्बोवाल्या आरएक्स-७ मध्ये (माझ्दाचीच आधीची रोटरी गाडी) हाच धूर टर्बोच्या सीलमधूनही येतो, म्हणून तिथे आधी टर्बोचे पाइप उघडून आत ऑईल साचलंय का ते पाहावं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा, गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जातंय; त्याकडे पुढे येतो.

मिसिंग: इग्निशनपासून सुरुवात

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०१ म्हणजे पुढच्या रोटरची मिसिंग, पी०३०२ मागच्या रोटरची, पी०३०० म्हणजे दोन्हीकडे अधूनमधून. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी त्याच दिवशी चालवणं बंद करा. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं, कॅट आतून वितळून चोंदतं, धूर बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ती सगळी उष्णता इंजिनावर उलटते. आरएक्स-८ ची कितीतरी इंजिनं याच साखळीने मेली आहेत.

या गाडीच्या चार कॉइल ही तिची दुखरी नस. पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास त्या कमजोर पडू लागतात, आणि पूर्ण मरण्याआधी बराच काळ फक्त लोडवर दगा देतात: आयडलिंग ठीक, पण चढावर किंवा पाच हजार आरपीएमच्या वर झटके. तपासायची सोपी रीत अशी.

इंजिन बंद करून पुढच्या रोटरच्या लीडिंग कॉइलचं कनेक्टर काढा, इंजिन सुरू करून काही सेकंदच ऐका, बंद करा. आवाज स्पष्टपणे बिघडला तर ती कॉइल काम करत होती. काहीच फरक नाही पडला, तर ती आधीपासूनच मेलेली आहे, किंवा तिची वायर किंवा प्लग गेलाय. मागच्या लीडिंगचंही असंच करा. ट्रेलिंगच्या बाबतीत ही रीत फसते, कारण ट्रेलिंग बंद केला तरी आयडलिंगला जेमतेम फरक जाणवतो. म्हणून ट्रेलिंगची कॉइल काढून लीडिंगच्या जागी बसवा आणि पुन्हा ऐका. आरएक्स-८ मध्ये चारही कॉइल एकसारख्याच असतात. चालू इंजिनवर हाय टेन्शन वायर हाताने ओढू नका, झटका जोरदार बसतो.

आरएक्स-७ वाल्यांसाठी वेगळी सूचना: एफसी आणि एफडी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या, मॉडेलमध्ये दोन्ही रोटरच्या लीडिंग प्लगना मिळून एकच कॉइल संच आहे. तो गेला तर एकच रोटर मिसिंग मारणार नाही, दोन्ही मारतील.

मग प्लग काढा. इंजिन थंड असताना, आणि कुठला प्लग कुठून निघाला ते लिहून. काळी कोरडी काजळी असेल तर ठिणगी कमजोर किंवा पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगीच पडत नाही, किंवा इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत जादा पेट्रोल साचलंय. एकाच रोटरचे दोन्ही प्लग काळ्या चिकट ऑईलने माखलेले असतील, तर निळ्या धुराचा धनी सापडला. आणि बाकीचे काळपट असताना एकाच रोटरचे प्लग धुऊन काढल्यासारखे स्वच्छ असतील, तर तिथे कूलंटची वाफ लागतेय.

नवे प्लग बसवताना लीडिंग आणि ट्रेलिंग वेगवेगळे आहेत हे विसरू नका. त्यांची अदलाबदल किंवा वायरींची अदलाबदल हे नव्या मिसिंगचं नेहमीचं कारण आहे. कॉइल, वायरी आणि प्लग एकदमच बदलणं शहाणपणाचं. नव्या कॉइलला जुनी वायर जोडून पैसे वाचत नाहीत.

इतकं करूनही वरच्या आरपीएमला पिकअप मरत असेल, तर कॅट पाहा. खालून रबरी हातोडीने हलकं ठोका; आत काही खुळखुळलं तर आतली जाळी फुटलीय. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावला की दाब किती साचतोय ते नेमकं कळतं. व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळ्या, मळलेला एअर फ्लो सेन्सर, थकलेला पेट्रोल पंप हेही याच टप्प्यावर बघून घ्या.

फ्लडिंगला मिसिंग समजू नका

थंड गाडी दोन मिनिटं चालू करून जागा बदलली आणि बंद केली, की ती पुढच्या वेळी सुरू होत नाही. पेट्रोल सीलवरचं ऑईल धुऊन टाकतं आणि कॉम्प्रेशन तात्पुरतं पडतं. अशा वेळी एक्सलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. आरएक्स-८ मध्ये त्याने इंजेक्टर बंद राहतात. दर वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका. तरीही नाही झाली तर प्लग काढून वाळवा आणि छिद्रांतून चमचाभर ऑईल सोडा. सुरू झाल्यावर मागे भरपूर धूर होईल, तो अपेक्षितच आहे.

कॉम्प्रेशन: इथे नेहमीची रीत चालत नाही

गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुर करत असेल आणि थंड असताना लगेच होत असेल, तर कॉम्प्रेशन घसरल्याची ती सगळ्यात जुनी खूण.

साध्या गॅरेजमधला पिस्टनचा टेस्टर तीन कक्षांपैकी फक्त सगळ्यात चांगल्या कक्षाचा आकडा दाखवतो. दोन कक्ष मेलेले असले तरी काटा छान वर जाऊन थांबतो आणि मिस्त्री सांगतो, कॉम्प्रेशन ओके. तिन्ही कक्ष वेगळे दाखवणारा रोटरीचा टेस्टर मिळाला तर उत्तम. नसेल तर साध्या टेस्टरच्या नळीच्या टोकाचा व्हॉल्व्ह काढून टाका, म्हणजे काटा दर कक्षाला उडी मारेल.

इंजिन गरम करा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. फ्युएल पंपाचा रिले काढा, कॉइलची कनेक्टर काढा. ज्या रोटरचं मोजायचं त्याचा एक प्लग काढून तिथे टेस्टर लावा, दुसरा जागेवर राहू द्या, नाहीतर हवा तिथून निसटेल. एक्सलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि काट्याचं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग घ्या. कानही द्या: फुस्, फुस्, फुस्, तिन्ही सारखे यायला हवेत. फुस्, फुस् आणि मग रिकामी जागा ऐकू आली तर उत्तर मिळालंच.

आरएक्स-८ साठी माझ्दाचे आकडे असे: २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल हे चांगलं, ६८० ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या कक्षांमध्ये १५० पेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा जास्त फरक नको. सेल्फ हळू फिरला तर आकडा कमी येतो, जोरात फिरला तर जास्त, म्हणून आरपीएम नोंदवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. सुरुवातीच्या गाड्यांचा सेल्फ कमजोर होता. नवा जोरदार सेल्फ बसवून सुरू होणारी गाडी बरी झाली असं मात्र समजू नये.

एका रोटरचे दोन कक्ष पडलेले आणि एक ठीक असेल, तर एक एपेक्स सील गेलंय, कारण एक सील दोन कक्षांमधली भिंत असते. एकच कक्ष पडला असेल तर साइड किंवा कॉर्नर सील अडकल्याचा संशय घ्या. कधीकधी तो कार्बनचा प्रताप असतो. सहाही आकडे सारखे पण सगळेच मर्यादेच्या काठावर, तर ती सरळ झीज आहे. अशी गाडी जपून आणखी बराच काळ चालते. कॉम्प्रेशन बरं आहे, पण कूलंट कमी होतंय, टाकीत बुडबुडे येतात आणि सकाळी एकच रोटर अडखळतो, तर कूलंट सील गेलंय. ते बाहेरून दुरुस्त होत नाही, इंजिन उतरवावंच लागतं.

गाडी विकत घ्यायला निघाला असाल तर विकणाऱ्याचं "कॉम्प्रेशन मस्त आहे" ऐकून घेऊ नका. दोन्ही रोटरचे मिळून सहा आकडे, प्रत्येक वेळचा सेल्फचा आरपीएम आणि मोजताना इंजिन गरम होतं का, एवढं लेखी मागा. तो कागद नसेल तर चाचणी तुम्ही करून घ्या, त्याचे पैसे तुमच्या खिशातून गेले तरी.