साडेपाच तासांनी मागे पडणारं घड्याळ: माझा अनुभव

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) दोन्ही आहेत. उबुंटूत काम करून विंडोजमध्ये आलं की घड्याळ मागे पडलेलं असायचं. रात्री साडेनऊला स्क्रीनवर दुपारचे चार! दुकानदार म्हणाला, मदरबोर्डचा सेल बदला. पण सेल संपला तर तारीखच कुठल्या कुठे जाते. इथे फरक दरवेळी बरोबर साडेपाच तासांचा होता. म्हणजे भारतीय वेळ आणि यूटीसी (जगभराची प्रमाण वेळ) यांतलं अंतर. तिथेच खरं कारण सापडलं.

मदरबोर्डवरच्या घड्याळाला टाइमझोन कळत नाही, त्यात नुसते आकडे असतात. उबुंटू ते यूटीसी धरतं, विंडोज स्थानिक वेळ.

मी विंडोजलाच यूटीसी मानायला लावलं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा; तिचा एडिटर अॅडमिन म्हणून उघडला. एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE), सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल या वाटेने टाइमझोनइन्फर्मेशनमध्ये गेलो. तिथे ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ (RealTimeIsUniversal, मधे जागा न सोडता) नावाची डीवर्ड (DWORD) प्रकारची नोंद केली, किंमत १. मग रीस्टार्ट करून उबुंटूत इंटरनेटवरून वेळ जुळू दिली आणि परत विंडोजमध्ये आलो. वेळ अचूक! रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिचा बॅकअप मात्र घ्याच.

उलट उबुंटूलाही स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं, पण ते मला पटत नाही. परदेशात अनेक ठिकाणी घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होतात. तिथे हा उपाय गोंधळ घालू शकतो, त्यामुळे तिकडे शिकणाऱ्या मुलांनी यूटीसीच ठेवावं.