ऑपरेशनची सकाळ आणि तो घोटभर चहा

हर्निया किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करायचं असलं की उपाशी राहायला सांगतात. सकाळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘घोटभर चहानं काय होतंय?’ होतं ते असं: भुलेत ठसका लागत नाही. पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. आणि दूध पोटातल्या आम्लानं फाटून घट्ट होतं, म्हणून दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत.

म्हणून पहिलं काम, भूलतज्ज्ञांकडून वेळा लिहून घ्या. साधारणपणे तळलेलं किंवा मटण 8 तास आधी बंद, हलकं खाणं आणि दूध 6 तास, साधं पाणी 2 तास. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर तेच पाळा. चुकून काही पोटात गेलंच तर लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकलतील, एवढंच. तंबाखू, मिश्रीची सवयही सांगा. आजीबाई ती हमखास लपवतात!

गोळ्यांची नावं पाठ करण्यापेक्षा पाकिटंच घेऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या 3 दिवस आधीच थांबवायला सांगतात, त्यामुळे हे आदल्या रात्री विचारून भागत नाही. काढे, चूर्णंही सांगा.

सकाळी आंघोळ करा, पण ऑपरेशनच्या जागेचे केस घरी काढू नका. ब्लेडच्या बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो. नेलपॉलिश पुसा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यामुळे चुकू शकतं. मंगळसूत्र, जोडवी, गंडेदोरे घरीच ठेवा. कवळी काढायची आहे. हलणारा दात असेल तर आधी बोला.

फाईल, आधार कार्ड, विम्याचे कागद एका पिशवीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार असतील तर रेशनकार्डही. मंजुरीचं काम आदल्या दिवशीच उरका.

संमतीपत्र न वाचता सही करू नका. हर्निया उजवीकडचा की डावीकडचा, हे तोंडानं सांगा आणि पेनाची खूण त्याच बाजूला आहे ना, बघा.

त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर सोबत कुणीतरी हवंच. पुढचे 24 तास स्कूटरची किल्ली त्यांच्याच खिशात राहू द्या.