टाकीतले मासे अचानक मरतायत? औषध ओतायच्या आधी पाणी तपासा

एका रात्रीत तीन-चार मासे गेले, अंगावर डाग नाही, बुरशी नाही, शेपटी झडलेली नाही, तर रोगाचा संशय सगळ्यात शेवटी घ्या. रोगाने मासे बहुतेक वेळा एकेक करून जातात, पाणी बिघडलं की एकदम जातात. म्हणून हाताला लागेल ते औषध प्लीज ओतू नका, उरलेल्यांचे हाल होतात, आणि औषधात कॉपर असेल तर कोळंबी आणि गोगलगायी पण जातात.

आधी मेलेले मासे जाळीने काढा, ते कुजून पाण्यात अमोनिया हे विष वाढतं. एअर पंप फुल करा, खाणं बंद. मग पाणी बदलायच्या आधी एका स्वच्छ बरणीत टाकीतलं थोडं पाणी बाजूला काढून ठेवा, हे बहुतेक जण विसरतात आणि पाणी बदलल्यावर टेस्ट केली की सगळं नॉर्मल दिसतं, मग कारण कधीच कळत नाही. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बॅक्टेरिया बनवतात ते, तेही विषारीच) दोन्ही शून्य हवेत. टाकी नवीन असेल तर इथेच उत्तर मिळतं, कारण ही दोन्ही विषं संपवणारे फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया तयार व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला असेल तरी तेच, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

जिवंत मासे नीट बघा. सगळे वर येऊन तोंड उघडमिट करतायत आणि कल्ले लालभडक आहेत तर अमोनिया किंवा क्लोरीन असू शकतं, कल्ले चॉकलेटी पडले असतील तर नायट्राइट. फक्त पहाटेच मरत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय, झाडं रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात. आणि घरात कोणी डासांचा स्प्रे मारला होता का ते पण विचारा, एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो आणि तसल्या स्प्रेतली कीटकनाशकं माशांना फार विषारी असतात.

अमोनिया किंवा नायट्राइट दिसला तर 30 ते 50 टक्के पाणी बदला, तापमान जुळवून, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं द्रावण) टाकून. पाणी रात्रभर ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे बरोबर, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं टिकाऊ संयुग) असेल तर तसं जात नाही, म्हणून अँटी-क्लोरीन हवंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकी जुनी आहे, कित्येक महिने पाणी बदललेलं नाही आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप, 7 च्या खाली म्हणजे आम्लधर्मी) 6 च्या खाली गेलाय, तर एकदम अर्धं पाणी बदलू नका!! अशा आम्लधर्मी पाण्यात अमोनिया कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो, नवीन पाण्याने पीएच वर गेला की त्याचा परत विषारी अमोनिया होतो आणि जे मासे तोपर्यंत तगून होते ते तासाभरात जाऊ शकतात, लोकांना वाटतं नळाचं पाणी खराब होतं. तिथे रोज 10 टक्केच बदला, पीएच हळूहळू वर येऊ द्या, तळाची घाण थोडी थोडी ओढून काढा.

मरणं थांबली तरी लगेच नवीन मासे आणू नका. आठवडाभर टेस्ट करत राहा, अमोनिया आणि नायट्राइट सलग शून्य आले की मगच, आणि तेही एका वेळी दोन-तीनच.