नवं सुचायला हवं असेल तर कुठे बसावं?

घरून काम बरं की ऑफिसातून, हा वाद बाजूला ठेवा. हातातलं काम कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी पाहा, मग जागा ठरवा.

१. येत्या आठवड्यातली कामं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे एकच शब्द: सुचवणं, निवडणं किंवा उरकणं.

२. सुचवण्याची बैठक शक्यतो व्हिडिओ कॉलवर घेऊ नका. मेलनी ब्रुक्स आणि जोनाथन लेवाव यांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. त्यात एका खोलीत बसलेल्या जोड्यांना व्हिडिओवरच्या जोड्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. कारण मोठं गमतीचं आहे. स्क्रीनवरच्या चेहऱ्याला नजर चिकटते, आणि नजर आखडली की विचारही आखडतो. खोलीतला माणूस मधूनच खिडकीकडे, भिंतीकडे, छताकडे बघतो. (शाळेत याच्यासाठी ओरडा बसायचा!) सुचलेल्यातलं चांगलं निवडण्यात मात्र व्हिडिओवाले मागे पडले नाहीत, तेव्हा निवडीची बैठक खुशाल ऑनलाइन घ्या. सुचवायलाही एकत्र जमणं शक्यच नसेल, तर माझ्या मते कॅमेरे बंद करून नुसतं बोलावं.

३. जमलात तरी लगेच चर्चेला बसू नका. एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांच्या डोक्यातलं तिथेच अडतं किंवा विसरलं जातं. आधी दहा मिनिटं प्रत्येकाने मुकाट्याने लिहावं. इथे ऑनलाइन सरस ठरतं: एकाच फाइलमध्ये सगळे एकदम लिहितात, कुणाची पाळी यायची वाट बघावी लागत नाही.

४. अडलात तर उठून चाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०१४ च्या प्रयोगांत कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा जास्त सुचलं. एकच नेमकं उत्तर शोधायचं असेल तेव्हा मात्र बसलेलं बरं.

५. उरकायच्या कामाला दार हवं. भिंती पाडल्या की माणसं जास्त बोलतील, असा मोकळ्या ऑफिसांमागचा हिशेब. बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा मोकळ्या ऑफिसात गेलेल्या दोन कंपन्यांची आकडेवारी मांडली, तेव्हा उलटंच दिसलं: समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. आडोसा गेला की माणूस हेडफोन चढवतो. त्यामुळे ऑफिसातली बंद खोली आदल्या दिवशीच राखून ठेवा. ती मिळत नसेल, तर अहवाल आणि हिशेब घरून करायच्या दिवसांवर टाका आणि ऑफिसचे दिवस सुचवण्याच्या बैठकांसाठी मोकळे ठेवा.